राखणीचं कुत्रं आणताय? मग आधी त्याच्या म्हातारपणाचं बघा

मागच्या महिन्यात एका पाव्हण्यांचा फोन आला. "कुत्रं दमलंय ओ आता, रात्रीचं बांधाकडं फिरत न्हाई, कुणाला पायजे असलं तर बघा की, दोन-तीन हजार आले तरी बास." वय विचारलं तर म्हणाले नऊ. नऊ वर्षं ज्यानं ऊस राखला, शेरडं राखली, त्याची किंमत दोन-तीन हजार, आणि ती पण त्याला घरातनं काढायसाठी. मी काय बोललो ते इथं लिहीत नाही. पण फोन ठेवल्यावर वाटलं, यांना शिव्या घालून काय होणार, आणि मी तरी कुठं धुतल्या तांदळासारखा, मी पण एकदा एक कुत्रं विकून बसलोय, त्याची गोष्ट खाली येईलच.

आमच्या खानापूर-बेळगाव-निपाणी-चिकोडी पट्ट्यात मळ्यात, गोठ्यात, मेंढरांमागं घरोघरी कामाची कुत्री आहेत. पिल्लू आणताना सगळ्यांना हौस असते, पण काम थांबलं की एकदम 'आता याचं काय करायचं' सुरू होतं, आणि तोपर्यंत उशीर झालेला असतो, कारण हा प्रश्न पिल्लू आणायच्या आदल्या दिवशी सोडवायचा असतो. मी काय जनावरांचा डॉक्टर नाही, जंगलाच्या कडेला भात, ऊस, थोडे काजू आणि चौदा शेरडं असलेला माणूस आहे, सध्या तीन कुत्री आहेत, त्यातलं एक बारा वर्षांचं. जे केलं आणि जे चुकलं तेच सांगतोय.

पहिली पायरी: वही काढा

चांगलं सांभाळलेलं कुत्रं १२ ते १४ वर्षं जगतं. त्यातलं पहिलं वर्ष-दीड वर्ष तुम्ही त्याला शिकवायचं, मग सहा-सात वर्षं ते तुमचं राखतं, आणि उरलेली चार-पाच वर्षं तुम्ही त्याला राखायचं. बैलाचा हिशेब इथं लावू नका. बैल थकला की त्याला बाजार दाखवायची आपल्याकडं जुनी सवय, आणि तीच सवय नकळत कुत्र्याच्या बाबतीत पण येते.

वहीत आजच्या वर्षात बारा मिळवा आणि त्या साली घरात कोण असेल ते लिहा. पोरगा पुण्याला नाहीतर बेंगळूरला असणार का? वडील असतील का? भावाभावांत वाटणी झाली तर मळ्यातलं घर कुणाच्या वाट्याला? मग एकाच माणसाचं नाव लिहा. 'आम्ही सगळे बघू' असं लिहायचं नाही, सगळ्यांचं कुत्रं म्हणजे कुणाचंच नव्हं, हे मी तीन घरांत बघितलंय, भाऊ वेगळे झाले तेव्हा पाट-पाणी, नांगर, पत्रे सगळ्याची वाटणी झाली आणि कुत्रं अंगणात एकटं राहिलं.

खर्चाचं सांगायचं तर भाकरी घरची असली तरी अंडी, कधीतरी कोंबडीचे पाय-डोकी, जंताच्या गोळ्या, गोचिडाचं औषध, लस, हे धरून माझ्याकडं एका वीस-बावीस किलोच्या कुत्र्यामागं महिन्याला हजार-बाराशे जातात, आणि शेवटच्या वर्षांत त्याच्या दुप्पट धरा. म्हणून मी एक पद्धत लावलीय. बोकड विकला की त्यातले पाचशे रुपये वेगळ्या डब्यात. आमची आजी राखणदाराला द्यायच्या पैशाला 'राखणावळ' म्हणायची, मी त्या डब्यावर तेच लिहिलंय. बोकड बिबट्याच्या तोंडात न जाता बाजारात गेला तो कुणामुळं? मग त्याचा वाटा नको का? दहा वर्षांत त्या डब्यात बऱ्यापैकी जमतात आणि म्हातारपणी दवाखान्यात जाताना बायकोकडं तोंड वेंगाडायला लागत नाही.

दुसरी पायरी: कामाजोगं कुत्रं

कुत्री परत पाठवली जातात, विकली जातात, सोडली जातात, त्यातली निम्मी भानगड इथंच होते. कुत्रं वाईट नसतंय, काम चुकीचं दिलेलं असतंय.

मुधोळचंच घ्या, आपण ज्याला कारवानी म्हणतो. मुधोळ इथनं लांब नाही, बागलकोट जिल्ह्यात, तिथल्या घोरपडे संस्थानिकांनी ही जात जपली. २००५ मध्ये तिचं टपाल तिकीट निघालं, मुधोळजवळ तिम्मापूरला बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे, २०१६ मध्ये तिथली पिल्लं मेरठला सैन्याकडं ट्रेनिंगला गेली, आणि ऑगस्ट २०२० मध्ये 'मन की बात'मध्ये नाव आल्यावर तर काय विचारू नका, ज्याला त्याला मुधोळच पायजे. अहो पण हे कुत्रं नजरेवर पळणारं आहे. लांबवर काहीतरी हललेलं दिसलं की सुटतं. अथणी-रायबाग-जमखंडीकडच्या उघड्या माळाला ते शोभतं. आमच्याकडं जंगल, चढउतार, ऊस उभा, ससा दिसला की ते गेलं, दोन तासांनी काटे घेऊन परत. त्यात ज्या शिकारीसाठी ते घडलं ती १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंद झाली, म्हणजे कुत्र्याला त्याचा मूळ धंदाच राहिला नाही, आता त्याला राखणीला बसवायचं म्हणजे तुम्हाला रोज त्याला पळवायला मोकळं रान पायजे. अंगावर चरबी नाही, केस बारीक, जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात त्याला ओल्या पडवीत बांधलं तर ते कुडकुडून आजारी पडणार. आणि मारलेलं, ओरडलेलं याला अजिबात चालत नाही, मनातनं उतरतंय. आणू नका असं म्हणत नाही, माझी मुन्नी पण मुधोळ क्रॉसच आहे, पण आधी जागा बघा.

धनगरी कुत्रं वेगळं. ते पिल्लू असल्यापासनं मेंढरात वाढतं, वाघरीच्या, म्हणजे मेंढरांभोवती लावलेल्या जाळीच्या, बाहेर झोपतं, रात्री परकं कोण आलं की उठतं. त्याला आणून बंगल्याच्या गेटला बांधलं तर ते दिवसरात्र भुंकून शेजाऱ्यांची झोप घालवणार, मग तुम्ही म्हणणार कुत्रं खराब निघालं. त्यात त्याचा काय दोष?

माझं मत विचाराल तर आमच्या भागाला गावठी कुत्र्यासारखं दुसरं नाही. आजारी कमी पडतं, उरलीसुरली भाकरी पचवतं आणि डोकं वापरतं. पण फुकट मिळतं म्हणून त्याला किंमत नसते, हीच त्याची अडचण.

तिसरी पायरी: पिल्लू घरात येताना

आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आणू नका. २०१७ च्या कुत्रा पैदास नियमांप्रमाणं त्याच्या आत विकायला बंदीच आहे आणि धंदा म्हणून पैदास करणाऱ्याला नोंदणी लागते, पण कायद्याचं सोडा, आईपासनं लवकर तोडलेलं पिल्लू चावरं आणि भित्रं होतं, आणि चावरं कुत्रं म्हातारपणी कुणीच घेत नाही. सहा-आठ आठवड्यांचं झाल्यावर पार्व्हो-डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या रोगांची लस सुरू, तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस, तीन महिन्यांनंतर रेबीज आणि मग दरवर्षी. आमच्या सरकारी दवाखान्यात कार्डावर कन्नडमध्ये लिहून देतात, ज्यांना वाचता येत नाही त्यांनी तिथंच विचारून खाली मराठीत तारीख लिहून घ्यावी, नाहीतर पुढच्या वर्षी कार्ड सापडतं आणि कळत काहीच नाही.

नसबंदी करून घ्या, कुत्रा असो नाहीतर कुत्री. कुत्री साधारण वर्षातनं दोनदा माजावर येते, ६३ दिवसांच्या आसपास वीते, पाच-सहा पिल्लं, आणि मग ती पिल्लं पोत्यात घालून कुठंतरी सोडून येणारे पण आपलेच लोक. नसबंदी न केलेल्या म्हाताऱ्या कुत्रीच्या गर्भाशयात पू होतो, आमच्या शेजारची तशीच गेली, आठवडाभर पाणी पीत बसली होती आणि सगळे म्हणत होते ऊन लागलंय. मोकाट फिरणाऱ्या नराला लिंगावर कोबीच्या गड्ड्यासारखी गाठ येते, ती एकाची दुसऱ्याला लागते, लवकर नेलं तर इंजेक्शनांनी बरी होते. नसबंदी केली की राखणीची ताकद जाते असं गावात म्हणतात, माझी तिन्ही केलेली आहेत, रात्री येऊन बघा.

चौथी: कामाच्या वर्षांतच म्हातारपणाची सोय

साखळी. दिवसभर आखूड साखळीला बांधलेल्या कुत्र्याचे मागचे पाय आठव्या वर्षीच जातात, आणि डोकं त्याच्या आधी. दिवसा कुंपणात मोकळं, नाहीतर दोन खांबांत तार ओढून त्यावर कडी सरकती ठेवा, वीस-पंचवीस फूट तरी फिरता येतं.

गोचीड पावसाळ्यात रोज बघायचे, कानात, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली. गोचिडाचा ताप आमच्या भागात भरपूर, कुत्रं मलूल, हिरड्या पांढऱ्या, नाकातनं रक्त, म्हणजे त्याच दिवशी दवाखाना. गुरांवर फवारायचं औषध अंदाजानं कुत्र्यावर ओतू नका, त्यानंच मेलेली कुत्री बघितलीत. माणसाच्या दुखण्याच्या गोळ्या पण नकोत, ब्रुफेन, डायक्लोफिनॅक, पॅरासिटामॉल, 'अर्धीच दिली की ओ' म्हणून पोट, किडनी, लिव्हर घालवतात.

रानडुकरासाठी लावलेला तारेचा फास आणि गावठी बॉम्ब हे आमच्याकडचं खरं दुखणं. कणकेत नाहीतर चरबीत गुंडाळलेला बॉम्ब कुत्र्यानं चावला की जबडा राहत नाही. म्हणून पिल्लू असल्यापासनं शिकवायचं की ताटलीतलंच खायचं, जमिनीवरचं नाही. मी यासाठी वाटेत मुद्दाम भाकरीचे तुकडे टाकून, तोंड लावलं की "अं हं" आणि सोडलं की हातातनं खोबरं, असं तीन महिने केलं.

बिबट्याचं वेगळं सांगायला नको, ऑगस्ट २०२२ मध्ये तर बेळगाव शहरात गोल्फ मैदानाकडं शिरला होता, शाळा बंद ठेवायला लागल्या होत्या. धनगर लोक कुत्र्याच्या गळ्यात बाहेर खिळे असलेला लोखंडी पट्टा घालतात, बिबट्या मानेलाच धरतो म्हणून. चांगली गोष्ट आहे, पण आतनं कातडं लावा, नाहीतर मानेला जखमा होतात. आणि त्यापेक्षा सोपं म्हणजे मध्यरात्रीनंतर कुत्रं गोठ्यात आत घ्या. रात्रभर एकटं मळ्यात सोडून सकाळी 'बिबट्यानं नेलं' म्हणणं ही काय राखण झाली?

पाचवी: निवृत्ती

आमचा लाल्या दहा वर्षांचा असताना एका रात्री डुक्कर उसात शिरलं आणि तो भुंकला, पण जागेवरनं. आधी भुंकत भुंकत जायचा. सकाळी बघितलं तर उठताना पुढचे पाय आधी टेकवतोय आणि मागचं अंग ओढून घेतोय, दोन पावलं लंगडून मग सरळ चालतोय. डॉक्टर म्हणाले सांधे. तेव्हापासनं टप्प्याटप्प्यानं काम कमी केलं, एकदम बंद नाही केलं, हे महत्त्वाचं, कारण एकदम बांधून घातलेलं कामाचं कुत्रं खाणं सोडतं.

पहिले सहा महिने लांबचा बांध बंद, फक्त घराजवळचं शेत. मग रात्रीची पाळी मुन्नीकडं आणि लाल्या अंगणात. मग फक्त सकाळी शेरडं सोडताना फाटकापर्यंत. नवीन कुत्रं आणायचं ते जुनं साताठ वर्षांचं असतानाच आणा, दोन गोष्टी होतात, शिकवायचं अर्धं काम जुनंच करतं, आणि जुनं थकलं म्हणून राखण उघडी पडत नाही, मग त्याला घालवायची घाई पण होत नाही. माझ्या पाव्हण्यांची खरी अडचण हीच होती, दोन कुत्र्यांचा खर्च नको म्हणून एकच ठेवलं होतं, ते थकल्यावर जागा रिकामी करायला निघाले.

म्हाताऱ्याचं खाणं तीन वेळा थोडं थोडं, भाकरी कोमट पाण्यात नाहीतर अळणी रश्श्यात भिजवून, कांदा-लसूण-मीठ नको. खाली पिंजर, त्यावर पोतं, आणि ते दर आठ दिवसांनी उन्हात. चालणं कमी झालं की नखं वाढतात, कापायला लागतात. डोळ्यांत निळसर पडदा आला की अंगणातल्या वस्तू हलवू नका, लाल्या आता नजरेपेक्षा पाठांतरावर चालतो, एकदा मी कडब्याची वळी वाटेत ठेवली तर बिचारा धडकला आणि मग वळीलाच भुंकला. झोपलेला असताना लहान पोरांना अंगावर जाऊ देऊ नका, ऐकायला कमी येतं, दचकून चावतात. चावलंच, मग घरचं असो नाहीतर बाहेरचं, जखम १५ मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्यानं धुवायची आणि सरळ दवाखान्यात, हळद-चुना-मिरची काही लावायची नाही.

सहावी: खरंच ठेवता येत नसलं तर

असं होतं. जमीन गेली, माणूस वारलं, घरातल्या लहानग्याला दमा निघाला, नोकरीसाठी सगळं घर गोव्याला गेलं. अशा वेळी दुसरं घर बघणं यात पाप काहीच नाही, उलट साखळीला कुजवण्यापेक्षा ते बरं. पण देणं वेगळं आणि विकणं वेगळं, आता माझी गोष्ट.

बारा-तेरा वर्षांमागं माझ्याकडं चित्र्या म्हणून कुत्रा होता, पाच वर्षांचा, ठिपक्याठिपक्यांचा, पळायला वारा. त्या साली बोअरची मोटार जळाली. रायबागकडचे एकजण बोलेरो घेऊन आले, पोल्ट्रीला राखण पायजे म्हणाले, सहा हजार दिले. चित्र्या गाडीत स्वतः उडी मारून बसला, त्याला वाटलं डॉक्टरकडं चाललोय, कारण गाडीत बसायचं तेवढंच कारण त्याला माहीत. आठ महिन्यांनी मी फोन केला तर म्हणाले शर्यतीसाठी अथणीकडं एकाला दिलं. त्याचा नंबर घेतला, तो म्हणाला, "ते कवाच दिलं की ओ." त्याच्याकडनं आणखी एक नंबर, तो बंद. मोटारसायकलवर अथणीपर्यंत जाऊन आलो, कायबी कळलं नाही. मोटार रिवाइंडिंग केलेली अजून चालते.

तेव्हा माझ्या डोक्यात एक गोष्ट बसली. पैसे घेतले की बोलायचा हक्क जातो. घेणाऱ्याला वाटतं माल माझा, मी पुढं विकीन नाहीतर काय पण करीन, आणि दोन हात बदलले की कुत्र्याचा पत्ता संपतो. पिल्लू विकायला माझी हरकत नाही, त्यानं अजून कुणाचं काम केलेलं नसतंय. पण काम केलेलं मोठं कुत्रं विकायचं नाही, द्यायचं, आणि देताना पण डोळे उघडे ठेवून.

कुणाला द्यायचं? आधी भाऊबंद आणि त्याच शिवारातले, कारण वास, वाट, माणसं ओळखीची. मग तसंच काम असलेलं घर. सगळ्यात शेवटी अनोळखी. फोटो टाकून 'फुकट देणे आहे' असलं करू नका, फुकट म्हटलं की कोण पण येतं.

घेणाऱ्याच्या घरी स्वतः जा. आणि चहा पिता पिता एकच प्रश्न विचारा: "तुमचं आधीचं कुत्रं कुठं हाय?" बस्स. "म्हातारं होऊन गेलं, त्या आंब्याखाली पुरलं" म्हणाले तर डोळे झाकून द्या. "पळून गेलं", "कुणीतरी नेलं", "लई खोड्या करायचं म्हणून सोडलं" म्हणाले तर चहा संपवा आणि उठा.

पसंत पडलं तरी पंधरा-वीस दिवस जमतंय का बघायचे ठेवा. पहिला आठवडा कुत्रं बांधूनच, नाहीतर ते मूळ घराकडं निघतं आणि हायवेला मरतं. बरोबर त्याचं झोपायचं पोतं न धुता द्या, लसीचं कार्ड द्या, खाण्याच्या वेळा सांगा, पंधरा दिवसांचं त्याचं नेहमीचं खाणं द्या. खोड लपवू नका, कोंबड्या धरतं, मोटारसायकलमागं लागतं, एकदा पोराला चावलंय, सगळं सांगा, लपवलेली खोड कुत्र्यालाच परत रस्त्यावर आणते.

एक साधी चिठ्ठी करा, मराठीत आणि समोरचे कन्नड असतील तर कन्नडमध्ये पण. तारीख, कुत्र्याचं नाव, रंग, खूण, वय, नसबंदी झाली का, शेवटची रेबीजची लस कधी, आजार कोणते, आणि खाली हे वाक्य: 'सांभाळता आलं नाही तर आधी मूळ मालकाला परत देईन, परस्पर कुणाला देणार नाही, विकणार नाही.' दोघांच्या सह्या. कोर्टात याचं काय होईल तो भाग सोडा, सही करताना माणूस थबकतो की नाही ते बघायसाठीच ही चिठ्ठी. थबकला तर देऊ नका.

आणि भाषा! हे आपल्या सीमाभागात सोडून कुठं होणार नाही. मुन्नी माझ्याकडं गोकाककडच्या एका मित्राकडनं आली, तीन वर्षांची होती, त्याचं घर कामासाठी बाहेर गेलं म्हणून. दोन दिवस मी "ये, ये गं मुन्नी" करतोय आणि ती नुसती माझ्या तोंडाकडं बघतेय, मला वाटलं बहिरी आहे. तिसऱ्या दिवशी शेजारच्या अक्का दूध न्यायला आल्या, सहज म्हणाल्या, "बा, बा इल्ली," आणि ही शेपटी हलवत त्यांच्या पायात. मग मित्राला फोन करून कागदावर सगळं लिहून घेतलं, बा म्हणजे ये, कुंद्रु म्हणजे बस, होगु म्हणजे जा, हिडि म्हणजे धर. आता मी मराठी माणूस कुत्र्याशी कन्नड बोलतो, आणि आमच्या पोरांनी तिचं नाव 'कन्नड मीडियम' ठेवलंय. तेव्हा देताना शब्दांची यादी नक्की द्या, कुठला हातवारा, कुठली शीळ, सगळं.

पहिल्या महिन्यात दोनदा तरी फोन करा, पण भेटायला लगेच जाऊ नका, कुत्रं परत अस्वस्थ होतं. दीड-दोन महिन्यांनी जा. त्यानं शेपटी हलवली आणि परत नव्या मालकाजवळ जाऊन बसलं, तर समजा जमलं. तुम्हाला थोडं वाईट वाटेल, ते वाटू दे.

कळपाचं तेवढं वेगळं

एक ठिकाण आहे जिथं मी वरचं सगळं मागं घेतो. ओळखीच्या एका धनगर मामांनी गुडघ्यांमुळं मेंढरं विकायची ठरवली आणि कुत्रं घरी ठेवायचं म्हणत होते, माया होती. कळप गेला आणि ते कुत्रं रिकाम्या वाघरीच्या जागेवर जाऊन बसायला लागलं, तीन दिवस भाकरीला तोंड नाही. शेवटी मामा त्याला घेऊन नव्या मालकाच्या तळावर गेले, मेंढरांचा वास आला तसं ते हातातनं सुटलं आणि कळपाला एक फेरी मारून मधोमध बसलं. मामा म्हणाले, "ते माझं कवा नव्हतंच, मेंढरांचं होतं." तेव्हा कळप विकताना त्याचं कुत्रं त्याच्याबरोबरच जाऊ द्या. पैसे मेंढरांचे घ्या, कुत्र्याचे वेगळे लावू नका, आणि परत घ्यायचं वाक्य तिथं पण लिहून घ्याच, कारण नवा मालक पण कधीतरी कळप विकणार.

सोडून येणं

चोर्ला घाटात, देवळापाशी, मार्केट यार्डात, भीमगडच्या जंगलाकडेला कुत्रं सोडायचं आणि म्हणायचं 'तिथं त्याला खायला मिळतंय'. मिळत नाही. घरच्या कुत्र्याला उकिरडा खाता येत नाही आणि तिथली कुत्री त्याला उभं करून घेत नाहीत. जंगलात सोडलं तर बिबट्या, नाहीतर उलट याचाच डिस्टेंपर रानकुत्र्यांना. १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यात उपाशी मरेल असं जनावर सोडून देणं गुन्हा आहे, दंड मात्र पहिल्या वेळी १० ते ५० रुपये, म्हणजे घाटात जायच्या पेट्रोलपेक्षा कमी, त्यामुळं त्याला कोण भीत नाही. विष घालून नाहीतर गोळी घालून संपवणं मात्र भारतीय न्याय संहितेच्या ३२५ कलमात बसतं, पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. हे 'माझंच कुत्रं, मी काय पण करीन' म्हणणाऱ्यांना सांगा.

शेवटचं

खाटल्यावर पडलेल्या कुत्र्याचं किती दिवस करायचं, हा प्रश्न येतोच. मी कालनिर्णयवर खूण करतो, चांगला दिवस बरोबर, वाईट दिवस फुली. चांगला म्हणजे स्वतः उठून बाहेर जाऊन आला, खाल्लं, माणूस आल्यावर मान उचलली. फुल्या जास्त व्हायला लागल्या, दुखण्यानं रात्रभर कण्हायला लागला, खालीच सगळं व्हायला लागलं की डॉक्टरांना घरी बोलवा, १९६२ या नंबरला फोन केला तरी जनावरांची गाडी येते, आणि इंजेक्शन देऊन शांतपणे सोडवता येतं. तेव्हा घरातल्या एकानं डोक्याशी बसायचं. पुरताना तीन-चार फूट खोल, विहिरीपासनं आणि ओढ्यापासनं लांब, वर मोठा दगड, नाहीतर कोल्ही उकरतात. लाळ गाळत, विचित्र वागत, पिसाळून मेलं असा संशय असला तर उघड्या हातानं शिवायचं नाही, डॉक्टरांना आधी कळवायचं.

लाल्याच्या कालनिर्णयवर अजून फुल्या कमी आहेत. सकाळी साडेसहाला दुधाची गाडी येऊन जाते, मुन्नी आणि टिप्या लगेच भुंकतात, लाल्या पाच मिनिटांनी उठतो, फाटकापर्यंत जातो आणि रिकाम्या रस्त्याकडं बघून दोनदा भुंकून येतो. बायको आतनं म्हणते, "शाब्बास लाल्या," आणि तो परत पोत्यावर.